शस्त्रदर्शनाचा धर्म

समुद्रकाठच्या ज्या नगरात नौदलाचा तळ असतो, तेथील प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत देवालये, बागा आणि पुळण यांच्या जोडीला आता युद्धसाहित्यही येऊन बसले आहे. विशाखापट्टण हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील रामकृष्ण पुळणीच्या रस्त्यावर १९७१ च्या युद्धाची स्मृती म्हणून १९९६ साली उभारलेले विजयस्मारक आहे. 'कुरसुरा' ही निवृत्त पाणबुडी २००२ सालापासून वाळूवर कायमची विसावलेली आहे. आणि तिच्यासमोर, रस्त्यापलीकडे, 'टीयू-१४२' हे सागरी टेहळणीचे अवाढव्य विमान २०१७ पासून पंख पसरून उभे आहे. नोकरीनिमित्त त्या नगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे देशावरून किंवा कोकणातून पाहुणे आले, की सिंहाचलमचा नृसिंह आणि किनाऱ्यावरची पाणबुडी ही दोन दर्शने ठरलेली असतात. सकाळी देवापुढे जोडलेले हात सायंकाळी पाणतीराच्या पोलादी पाठीवरून कौतुकाने फिरतात. आणि यात काही विसंगत आहे असे कोणालाच वाटत नाही.

ते विसंगत आहे असे आमचेही म्हणणे नाही. परंतु मारण्यासाठी घडविलेली वस्तू सहकुटुंब पाहावयास जाणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हे. आपण तेथे काय पाहतो, कोणत्या मनाने पाहतो आणि काय पाहावयाचे राहून जाते, याचा विचार होणे आवश्यक आहे. आपल्यासारख्या, राज्ययंत्राच्या कोणत्या ना कोणत्या चाकाला हात लावून बसलेल्या माणसांनी तर तो अवश्य केला पाहिजे.

प्रथम जे दिसते त्याविषयी बोलू. 'कुरसुरा' ही सोव्हिएत बांधणीची पाणबुडी. १८ डिसेंबर १९६९ रोजी रीगा येथे ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि २७ फेब्रुवारी २००१ रोजी निवृत्त झाली. या एकतीस वर्षांत तिने ७३,५०० सागरी मैलांची वाटचाल केली. लांबी सुमारे ९१ मीटर. आणि रुंदी अवघी साडेसात. एवढ्या पोटात सात कप्पे, तीन डिझेल इंजिने, विजेऱ्यांच्या रांगा, पुढे सहा व मागे चार अशा पाणतीरांच्या दहा नळ्या, बावीस पाणतीर, आणि या साऱ्यांतून उरलेल्या जागेत सुमारे पंचाहत्तर माणसे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जावयाचे तर वाटोळ्या दारातून कंबरेत वाकून, आधी पाय टाकून जावे लागते. निजण्याच्या फळ्या इतक्या अरुंद, की कुशीवर वळणेही बेताने करावे. वाट दाखविणारे बहुधा नौदलातून निवृत्त झालेले सैनिकच असतात. आणि ज्या यंत्राविषयी ते बोलतात त्या यंत्रांच्या सहवासात त्यांचे आयुष्य गेलेले असल्यामुळे त्यांचे बोलणे पाठ केलेले असूनही कोरडे वाटत नाही.

हे पाहून मनुष्य थक्क होतो आणि ते योग्यच आहे. या थक्क होण्यात बुद्धीचे कौतुक आहे, शिस्तीविषयीचा आदर आहे, आणि आपण किनाऱ्यावर निर्धास्त झोपतो ती झोप कोणीतरी तेथे गहाण ठेवली होती याची जाणीवही आहे. पारतंत्र्यात स्वतःचे म्हणावे असे एक जहाजही बांधणे किती दुर्घट होते, हे याच नगराला ठाऊक आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४१ साली येथे जहाजबांधणीच्या कारखान्याचा पाया घातला. दुसऱ्याच वर्षी, ६ एप्रिल १९४२ रोजी, जपानी विमानांनी या नगरावर बाँब टाकले. आणि त्या गोदीतले पहिले मोठे जहाज, 'जलउषा', पाण्यात उतरावयाला १९४८ साल उजाडले. ज्या नगराने निःशस्त्र अवस्थेत आकाशातून मार खाल्ला आहे, त्याला आपल्या संरक्षणाची साधने पाहून समाधान वाटले, तर त्या समाधानाला युद्धपिपासा म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही काही विचारवंतांचा या प्रदर्शनांना मुळातच विरोध असतो. शस्त्रांची अशी मांडणी म्हणजे युद्धाचे उदात्तीकरण, मुलांच्या मनात हिंसेची गोडी पेरणे होय, असे ते म्हणतात. हे म्हणणे वरवर पाहता पटण्याजोगे आहे. पण ते शेवटास नेले तर निष्पन्न काय होते? शस्त्रे नाहीशी होत नाहीत, केवळ दृष्टीआड होतात. आपल्या करातून जी खरेदी केली जाते, आपल्या नावाने जी रोखली जातात, ती आपण पाहूही नयेत, असा त्याचा अर्थ होतो. हे अज्ञान म्हणजे अहिंसा नव्हे. खाटकाच्या दुकानासमोरून तोंड फिरवून जाणारा आणि घरी जाऊन पानात वाढलेले मुकाट्याने खाणारा मनुष्य जितका अहिंसक, तितकाच हा नागरिक अहिंसक. ज्याच्या नावाने शस्त्र धरले जाते त्याने ते पाहिले पाहिजे. हे त्याचे कर्तव्यच आहे.

न पाहण्यातून काय घडते याचेही उदाहरण आपल्याजवळ आहे. पहिली 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली. २००१ पासून काही वर्षे ती मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून लोकांना पाहावयास मिळत असे. पुढे तिचा सांभाळ करणे कठीण झाले. २०१२ मध्ये संग्रहालय बंद पडले आणि त्यानंतर दोनतीन वर्षांत ती मोडीत निघाली. तिच्या धातूचा काही अंश पुढे पुण्याच्या बजाज कंपनीने मोटारसायकलींत वापरला. यात गैर काही नाही. लोखंड शेवटी लोखंडच. परंतु ज्या नौकेभोवती एका युद्धाची पूर्व आघाडी फिरली, ती पाहण्याची आणि पाहून विचार करण्याची संधी मात्र कायमची गेली.

तेव्हा शस्त्र पाहावे, हे ठरले. खरी अडचण त्याच्या पुढची आहे. संग्रहालयात शस्त्र दिसते, पण त्याने होणारी जखम दिसत नाही. पाणतीर तेथे स्वच्छ पुसून, रंग देऊन ठेवलेला असतो. तो ज्या जहाजाच्या कुशीत शिरावयाचा ते जहाज, आणि त्या जहाजाच्या तळाशी इंजिनापाशी उभा असलेला माणूस, यांची तेथे काहीच खूण नसते. जणू बाण आहे आणि मृग नाही. या मांडणीमुळे पाहणाऱ्याचे मन नकळत यंत्राशी एकरूप होते आणि यंत्राच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाचा त्याला विसर पडतो.

आपल्या परंपरेतले शस्त्रदर्शन असे नव्हते. खंडेनवमीला घरातली तलवार पुसून पाटावर ठेवतात, तिला गंधफूल वाहतात. सुतार आपली करवत ठेवतो आणि पूर्वीचा कारकून दौत-लेखणी ठेवीत असे. त्या पूजेत शस्त्र आणि शस्त्र चालविणारा हात एकाच घरात असतात. आपले हत्यार काय करू शकते, किंबहुना त्याने काय केले आहे, हे पूजा करणाऱ्याला पुरते ठाऊक असते. म्हणून एक दिवस ते खाली ठेवून तो त्याच्यापुढे वाकतो. त्या वाकण्यात अभिमान असतो तसा धाकही असतो. संग्रहालयात मात्र चालविणारा एक आणि पाहणारा दुसरा. शौर्य एकाचे, अभिमान दुसऱ्याचा. अशा उसन्या अभिमानाला धाकाची जोड मिळत नाही. आणि धाक नसलेला अभिमान फार लवकर करमणुकीच्या पातळीवर उतरतो.

विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न अधिकच तीव्र होण्याचे कारण समोरच्या पाण्यातच आहे. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी कराचीहून निघाली आणि सारा द्वीपकल्प वळसा घालून बंगालच्या उपसागरात आली. 'विक्रांत'ला गाठून बुडविणे हा तिचा हेतू होता. 'विक्रांत' त्या वेळी अंदमानाच्या बाजूस होती. पण पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी ती विशाखापट्टणजवळच आहे असा आभास निर्माण केला. ३ डिसेंबरच्या रात्री, पहाटेपूर्वी, बंदराच्या तोंडाशी प्रचंड स्फोट झाला आणि 'गाझी' तिच्यावरील नव्वदांहून अधिक माणसांसह तळाशी गेली. एकही वाचला नाही. 'राजपूत' या आपल्या नौकेने टाकलेल्या, पाण्याखाली फुटणाऱ्या बाँबमुळे ती बुडाली असे आपण मानतो. तिच्याजवळच्याच सुरुंगांचा स्फोट झाला असे पाकिस्तान म्हणते. दुसऱ्याच रात्री आपल्या क्षेपणास्त्रनौकांनी कराचीवर हल्ला चढविला. आणि त्या पराक्रमाची आठवण म्हणून ४ डिसेंबर हा दिवस आपण नौदलदिन म्हणून पाळतो. त्या दिवसाच्या निमित्ताने याच किनाऱ्यावर नौदलाच्या कसरती होत आल्या आहेत, आणि त्या पाहावयास सारे नगर लोटत आले आहे. ज्या पाण्याकडे तोंड करून लोक टाळ्या वाजवितात त्याच पाण्याच्या तळाशी 'गाझी' आपल्या माणसांसह आहे.

'गाझी' कोणी बुडविली या वादात इतिहासकारांनी अवश्य पडावे. सत्याची चाड असणाऱ्याने न केलेला पराक्रमही स्वतःच्या खात्यावर मांडू नये आणि केलेला नाकारूही नये. पण आमच्यापुढील प्रश्नाचे उत्तर त्या वादावर अवलंबून नाही. बाँब कोणाचाही असो, पाणी आत शिरले तेव्हा ती माणसे कशा जागेत होती, हे आपण जाणू शकतो का? जाणू शकतो, आणि ते जाणण्याचे ठिकाण म्हणजे 'कुरसुरा'च. 'गाझी' अमेरिकेने बांधलेली, 'कुरसुरा' रशियाने. दोन्ही राष्ट्रांनी आपापले शस्त्र परक्याकडून आणलेले. पण तीच अरुंद फळी, तेच वाटोळे दार, तीच कोंदट हवा. ज्याने 'कुरसुरा'च्या मधल्या कप्प्यात उभे राहून क्षणभर दिवे गेल्याची कल्पना केली, त्याला 'गाझी'चा शेवट कोणी वर्णन करून सांगावा लागत नाही. आमच्या मते या संग्रहालयाचे सर्वात मोठे मोल हेच आहे. आपल्या नौसैनिकांचे स्मारक म्हणून उभारलेली ही पाणबुडी, कोणाच्या मनात नसताना, शत्रूच्या नौसैनिकांचेही स्मारक होऊन बसली आहे.

यावर कोणी म्हणेल, की ही दुर्बळ भावविवशता झाली. 'गाझी' यात्रेला आली नव्हती. हजाराहून अधिक भारतीयांना घेऊन फिरणारी नौका बुडविण्यासाठी आली होती. ती यशस्वी झाली असती तर आज अश्रू कोणासाठी ढाळले असते? हा आक्षेप बिनतोड वाटतो, आणि त्यातला सत्यांश आम्ही नाकारीत नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात 'हँगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुखरी' बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आपली नौका न सोडता तिच्याबरोबरच गेले. दीवला 'खुखरी'चे स्मारक आहे. तेथे उभे राहणाऱ्याला शत्रूची पाणबुडी हे नुसते कुशल यंत्र वाटणे शक्य नाही. बंगालमधील लक्षावधींच्या हालअपेष्टांमुळे ते युद्ध उद्भवले होते आणि त्यात न्याय कोणत्या बाजूस होता, याविषयी आम्हांस संदेह नाही.

परंतु पक्षाचा न्याय आणि मृताचा शोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करणे हीच खरी चूक. शोक केल्याने शत्रूचा पक्ष न्याय्य ठरत नाही, आणि पक्ष अन्याय्य होता म्हणून त्याच्या बाजूने मेलेला माणूस माणूसपणातून उठत नाही. आपल्या महाकाव्यांना हा विवेक चांगला ठाऊक होता. रावण पडल्यावर वैर संपले असे म्हणून रामाने बिभीषणाला त्याचे और्ध्वदेहिक करावयास सांगितले. पण म्हणून सीतेचे हरण क्षम्य ठरविले नाही. भारतीय युद्धानंतर युधिष्ठिराने दोन्ही सैन्यांतील मृतांचे दहन करविले, ज्यांच्यामागे कोणी उरले नव्हते त्यांचेही. आणि दूर कशाला जावयाचे? ज्या वैऱ्याच्या वधाचे पोवाडे आपण पिढ्यानुपिढ्या ऐकले, त्या अफझलखानाची कबर आपल्याच प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. कबर तेथे आहे म्हणून पोवाड्याचा आवेश उणा झाला नाही. २०२४ साली आपल्या नौदलाच्या खोल पाण्यातील बचावनौकेने 'गाझी'चे अवशेष हेरल्याचे प्रसिद्ध झाले. मृतांचा मान राखण्यासाठी त्यांना हात लावण्यात आला नाही, असेही त्याबरोबर सांगण्यात आले. ज्यांनी प्रत्यक्ष युद्धधर्म पत्करला आहे त्यांना जे सहज सुचले, ते किनाऱ्यावर भेळ खात उभ्या असलेल्या आपणांस सुचू नये, हे आपणांस शोभणारे नाही.

विशाखापट्टणचा प्रदेश प्राचीन कलिंगाच्या छायेतला. कलिंगयुद्धात एक लक्ष माणसे मारली गेली आणि दीड लक्ष देशोधडीला लागली, असे अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतःच नमूद करून ठेवले. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा तेरावा लेख त्याने कोरविला नाही. त्याच्या जागी तेथील अधिकाऱ्यांना उद्देशून वेगळे लेख आहेत. सर्व प्रजा मला माझ्या अपत्यांसारखी आहे, कोणालाही विनाकारण बंधनात टाकू नका, असा त्यांचा आशय आहे. जिंकलेल्यांच्या दारात विजयाची, किंबहुना विजयाच्या पश्चात्तापाचीही, जाहिरात करू नये हा विवेक त्या सम्राटाजवळ होता. त्याने सैन्य मोडून टाकले नाही. त्याच तेराव्या लेखात अरण्यवासीयांना आपल्या सामर्थ्याची जाणीवही त्याने दिली आहे. सामर्थ्य राखावे, त्याचा बडेजाव करू नये, आणि अधिकाऱ्याने ते जपून वापरावे, एवढेच तो सांगतो.

या नगराजवळच्या तोटलकोंड टेकडीवर दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध विहार आहे. तो उजेडात आला तो नौदलामुळे. तळासाठी जागा शोधताना केलेल्या विमानातील पाहणीत त्याचा माग लागला आणि पुढे उत्खनन झाले. शस्त्रांसाठी भूमी धुंडाळणाऱ्यांना भिक्षूंच्या कोठड्या सापडाव्यात, या योगायोगातून मोठा सिद्धांत काढण्याचे कारण नाही. पण पाहुण्यांना पाणबुडी दाखविणाऱ्याने ती टेकडीही दाखवावी. एकाच दिवसात दोन्ही पाहिली म्हणजे दोहोंविषयी थोडे अधिक कळते.

आता अखेरचा मुद्दा; तो आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. १९७१ च्या युद्धात 'कुरसुरा' अरबी समुद्रात गस्तीवर होती; परंतु तिने एकही जहाज बुडविले नाही. एकतीस वर्षे, ७३,५०० मैल, आणि खात्यावर एकही वध नाही. पाहावयास आलेला तरुण यामुळे कित्येकदा हिरमुसतो. आम्हांस मात्र हेच तिचे भूषण वाटते. याच नगरात बांधलेली 'अरिहंत' ही अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी २००९ साली पाण्यात उतरली. तिच्यावरील अस्त्रांचे सारे सार्थक ती कधीही न सुटण्यातच आहे. तिचे नावही अर्थपूर्ण आहे. शत्रूचा नाश करणारा हा त्या शब्दाचा सरळ अर्थ. पण जैन परंपरेत अरिहंत तो, ज्याने स्वतःतले राग-द्वेषादी शत्रू जिंकले. पहिल्या अर्थाची शक्ती ज्याच्या हाती द्यावयाची, त्याच्या ठायी दुसऱ्या अर्थाची थोडीतरी साधना असावी, अशी अपेक्षा राष्ट्राने का करू नये?

आणि ही अपेक्षा नौसैनिकांपुरतीच का असावी? आपण परप्रांतात अधिकाराच्या खुर्चीवर बसतो. आपल्या लेखणीच्या एका फराट्याने कोणाची जागा जाते, कोणाचे निवृत्तिवेतन अडते, कोणाचे घर पाडले जाते. हेही शस्त्रच, आणि येथेही कागदावर जखम दिसत नाही, केवळ सही दिसते. संग्रहालयातला प्रेक्षक पाणतीर पाहतो आणि बुडणारा माणूस पाहत नाही. कचेरीतला अधिकारी प्रकरण पाहतो आणि अर्जदार पाहत नाही. दोन्ही ठिकाणी दृष्टीचा दोष एकच आहे. तो एका ठिकाणी दुरुस्त करण्याची सवय लागली, तर दुसऱ्या ठिकाणी तिचा उपयोग झाल्यावाचून राहणार नाही.

म्हणून शस्त्रे पाहावयास अवश्य जावे आणि मुलांनाही न्यावे. यंत्र समजावून सांगावे, ती चालविणाऱ्यांविषयी कृतज्ञ असावे. मात्र मुलाने विचारले, की याने कोण मरते, तर त्याला गप्प बसवून पुढच्या कप्प्यात ढकलू नये. त्याला 'खुखरी'चे सांगावे आणि 'गाझी'चेही सांगावे. कोणाचा पक्ष न्यायाचा होता हे सांगावे, आणि दोन्हींवरची माणसे याच अंगलटीच्या फळ्यांवर निजत होती हेही सांगावे. एवढे ऐकूनही त्याला मोठेपणी नौदलात जावेसे वाटले, तर खुशाल जाऊ द्यावे. अशाच माणसांची तेथे गरज आहे.